नोज व्हील स्टिअरिंगमधील दोष आणि उड्डाणयोग्यता निर्देश

विमान जमिनीवर असताना त्याची पुढची चाके वळवून त्याला दिशा देणारी यंत्रणा म्हणजे नोज व्हील स्टिअरिंग. या यंत्रणेत एखादा धोकादायक दोष आढळला, आणि तोच दोष त्या जातीच्या इतर विमानांतही असण्याची शक्यता दिसली, की विमान वाहतूक नियामक सक्तीचा आदेश काढतो. त्याला उड्डाणयोग्यता निर्देश म्हणतात. हँगरच्या बोलीत नुसतेच ‘एडी’. निर्देशात सांगितलेले काम दिलेल्या मुदतीत न करता विमान उडवणे बेकायदा ठरते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः एअरबस ए३२० मालिकेतील दोन घटनांचा विचार केला आहे. लक्षण एक आणि कारणे दोन, असा हा प्रकार असल्यामुळे निर्देशांची ताकद आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट दिसतात.

पूर्वेतिहास : पुढच्या चाकाची विमाने नेमकी कधीपासूनची, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. ग्लेन कर्टिस यांच्या १९०८ च्या सुमारास उडालेल्या विमानांना तीन चाके होती आणि त्यांतले एक पुढे होते, म्हणून काही अभ्यासक परंपरा तिथूनच मोजतात. मात्र त्यानंतरची जवळजवळ तीन दशके शेपटीखाली चाक किंवा घसरपट्टी असलेली विमानेच रूढ राहिली. फ्रेड वाइक यांचे १९३० च्या दशकातील प्रयोग, तसेच १९३८ मध्ये उडालेली बेल पी-३९ आणि डग्लस डीसी-४ई ही विमाने, यांच्यापासून पुढचे चाक खऱ्या अर्थाने रुळले. स्टिअरिंगच्या दृष्टीने हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण विमाने जड झाली, धावपट्ट्या पक्क्या झाल्या आणि चाक ‘वळवण्याची’ गरज याच काळात उभी राहिली.

नोज व्हीलबरोबर शिमी आली. मॉलमधील ट्रॉलीचे पुढचे चाक वेग वाढताच डावी-उजवीकडे थडथडू लागते, तीच ही क्रिया. विमानात मात्र ती काही सेकंदांत लोखंड तोडू शकते. तिच्या कारणाबाबत दोन विचारधारा आहेत. जर्मनीत फॉन श्लिपे आणि डीट्रिच यांनी १९४१ मध्ये टायर हा ताणलेल्या दोरीसारखा मानून कंपनाचे मूळ टायरच्या लवचीकतेत शोधले. सोव्हिएत संघात केल्डिश यांनी १९४५ मध्ये याच प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला. अमेरिकेत मोरलँड यांनी १९५४ मध्ये टायर-जमीन स्पर्श जवळपास एका बिंदूइतका धरून स्ट्रटच्या, म्हणजे चाक पेलणाऱ्या उभ्या खांबाच्या, लवचीकतेला आणि सांध्यांतील ढिलाईला महत्त्व दिले. पुढील संशोधनाने दोन्ही गोष्टी समीकरणात घेतल्या. देखभालीच्या अंगाने पाहता मोरलँड यांचा भर अधिक उपयोगी ठरतो. नवा टायर शिमी थांबवेलच असे नाही. टॉर्क लिंकच्या, म्हणजे स्ट्रटचे वरचे आणि खालचे भाग जोडणाऱ्या दुव्याच्या, सांध्यातील झिजलेले बुश (आतले अस्तर) बदलल्यावर मात्र ती बहुधा थांबते. या सांध्यांची ढिलाई ठरावीक अंतराने मोजण्याची कामे देखभालीच्या वेळापत्रकात असतात, त्यामागे हेच गणित आहे.

रचना : ए३२० मध्ये वैमानिकाच्या हाताशी टिलर हे छोटे चाक असते. टिलरने पुढची चाके सुमारे ७५ अंशांपर्यंत वळतात, तर रडर पेडलने, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू हलवणाऱ्या पायाच्या पट्टीने, फक्त सुमारे ६ अंश. बोइंग ७३७ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ७८ आणि ७ आहेत. टिलर पार्किंगच्या वळणांसाठी, पेडल धावपट्टीवरील बारीक सुधारणांसाठी, अशी ही वाटणी आहे. ए३२० मध्ये टिलरपासून चाकापर्यंत तार किंवा दांडा जात नाही. आज्ञा विद्युत संकेताच्या रूपाने ब्रेक-स्टिअरिंग नियंत्रण संगणकाकडे जाते. तो सर्व्हो व्हॉल्व्ह उघडतो आणि हायड्रॉलिक दाबाने चाके वळतात. उड्डाणानंतर चाके पोटात जाण्यापूर्वी ती सरळ व्हावीत म्हणून स्ट्रटच्या आत कॅमची, म्हणजे आपल्या आकारामुळे चाकाला मध्यावर ढकलणाऱ्या भागाची, यांत्रिक योजना असते. हा कॅम ज्या भागाच्या आधाराने काम करतो तो अप्पर सपोर्ट स्वतःभोवती फिरू नये, यासाठी त्याला खुंट्या दिलेल्या असतात. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या खुंट्यांना पुढील इतिहासात मोठे स्थान आहे.

कोलंबस, १९९९ : १६ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिका वेस्ट एअरलाइन्सचे ए३२० ओहायोतील कोलंबस येथे उतरले तेव्हा त्याची पुढची चाके ९० अंशांत आडवी वळलेली होती. कोणालाही इजा झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दोष सापडला तो स्टिअरिंग नियंत्रण मोड्यूलमधील फिरत्या व्हॉल्व्हच्या बाहेरच्या ओ-रिंग सीलमध्ये, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्यांमध्ये. सील आपली जागा सोडतात, दाब जिथे जायला नको तिथे जातो आणि संगणकाची आज्ञा नसताना चाक वळते, असा हा क्रम होता.

या घटनेत शिकण्यासारखे आहे ते तिच्या तारखेत. निर्मात्याने सील बदलण्याची सूचना, म्हणजे सर्व्हिस बुलेटिन, आधीच काढले होते. फ्रेंच नियामकाचा निर्देश त्याच वर्षी, पण घटनेनंतर निघाला. अमेरिकी निर्देश लागू झाला तो तर डिसेंबर १९९९ मध्ये. शिवाय निर्देशांनीही काम पूर्ण करण्यासाठी काही महिन्यांची मुदत दिली. म्हणजे दोष माहीत होता, उपाय ठरला होता, भागही उपलब्ध होता, आणि ते विमान नियमानुसार निर्दोष होते. नियमांच्या चर्चेत ‘एडी निघाली’ म्हणजे काम झाले असे धरले जाते. प्रत्यक्षात ते काम संबंधित विमानाच्या स्ट्रटवर होईपर्यंत प्रवाशाच्या दृष्टीने काहीही बदललेले नसते.

लॉस एंजेलिस, २००५ : २१ सप्टेंबर २००५ रोजी जेटब्लूचे फ्लाइट २९२ बरबँकहून न्यूयॉर्ककडे निघाले. उड्डाणानंतर नोज गिअर, म्हणजे पुढची चाके आणि त्यांचा स्ट्रट, आत जाईना. लाँग बीच येथील टॉवरजवळून विमान खालून नेण्यात आले, तेव्हा खालच्या लोकांना पुढची दोन्ही चाके आडवी दिसली. ए३२० मधून हवेत इंधन टाकून देण्याची सोय नाही. त्यामुळे वजन कमी होईपर्यंत विमान सुमारे तीन तास घिरट्या घालत राहिले. विमानात १४६ जण होते. आसनांसमोरच्या पडद्यांवर वृत्तवाहिन्या सुरू असल्याने प्रवासी स्वतःच्याच विमानाचे थेट प्रक्षेपण पाहत होते. लॉस एंजेलिसच्या धावपट्टीवर वैमानिकाने नाक शक्य तितका वेळ वर धरून ठेवले. ते टेकताच टायर फाटले, धूर आणि मग ठिणग्यांसह ज्वाळा निघाल्या, चाकांच्या रिमा खालच्या बाजूने सपाट घासल्या गेल्या; पण विमान मध्यरेषेवरच थांबले. कोणालाही इजा झाली नाही.

चित्र हुबेहूब कोलंबसचे होते. म्हणून पहिला संशय ओ-रिंगवर जाणे साहजिक होते. तपासात मात्र अप्पर सपोर्टच्या त्या खुंट्यांपैकी दोन तुटून वेगळ्या झालेल्या आढळल्या. धातूच्या थकव्याने त्या तुटल्या होत्या, आणि थकवा आला होता तो तपासणीनेच. उतरण्यापूर्वी, चाके बाहेर आल्यावर, संगणक स्टिअरिंगची चाचणी म्हणून चाक थोडेसे इकडे-तिकडे हलवतो. एका वेळी हा भार नगण्य असतो, पण तो प्रत्येक उड्डाणात पडतो. खुंट्या गेल्या, कॅमला आधार उरला नाही आणि चाक मध्यावर येईना. त्यानंतर संगणकाने आपल्या तर्काप्रमाणे दोष ओळखून स्टिअरिंग बंद केले, त्यामुळे चाक सरळ करण्याचा उरलेला मार्गही बंद झाला. सुरक्षा मंडळाने या तर्करचनेला आणि अशा स्थितीत संगणक पुन्हा सुरू करण्याची कार्यपद्धती वैमानिकांना दिलेली नव्हती या बाबीला पूरक कारणे म्हटले.

तेव्हा कारण कोणते मानावे, खुंटी की संगणक? यांत्रिकी शाखेचे अभ्यासक खुंटीकडे बोट दाखवतात, प्रणाली-सुरक्षेचे अभ्यासक तर्करचनेकडे. अहवालाने खुंटीला संभाव्य कारणाचे आणि तर्करचनेला पूरक कारणाचे स्थान दिले, आणि ते पुराव्याला धरून आहे. पण नियामकाच्या कामाच्या दृष्टीने दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. खुंटी बदलली तरी ती पुन्हा थकणार. तिला थकवणारी आज्ञा आणि बिघाड झाल्यावर वाट बंद करणारा तर्क मात्र सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने सुधारता येतो. अशा प्रकारच्या दोषांवर तपासणी आणि संगणक-सुधारणा असे दुहेरी उपाय योजले जातात ते याच कारणाने.

नियमांची चौकट : १९४४ च्या शिकागो कराराच्या आठव्या परिशिष्टानुसार, ज्या देशात विमानाचा आराखडा मंजूर झाला त्या देशाने दोषाची सक्तीची माहिती इतर देशांना कळवायची असते, आणि नोंदणीच्या देशाने तिच्यावर कृती करायची असते. एअरबससाठी हे काम पूर्वी फ्रेंच नियामकाकडे होते. सप्टेंबर २००३ पासून ते कोलोन येथील युरोपीय सुरक्षा संस्था, इएएसए, पाहते. अमेरिकेत निर्देश हे संघीय नियमांच्या ३९व्या भागाखाली निघतात आणि त्यांना कायद्याचे बळ असते. सामान्यतः मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या जातात. धोका तातडीचा असेल तर ही पायरी वगळून ‘पुढील उड्डाणापूर्वी’ अशा शब्दांत आणीबाणीचा निर्देश निघतो. निर्देशांची ही पद्धत आजच्या रूपात साधारणतः १९४० च्या दशकात स्थिरावली असे मानले जाते.

आराखड्याच्या पातळीवर युरोपीय नियमावली सीएस-२५ मधील कलम ७४५ नोज व्हील स्टिअरिंगलाच वाहिलेले आहे. स्टिअरिंग वापरण्यासाठी असाधारण कौशल्य लागू नये, अगदी आडव्या वाऱ्यात किंवा उड्डाणाच्या धावेत एक इंजिन अचानक बंद पडले तरीही. टिलर हलल्याने चाके आत-बाहेर होण्यात अडथळा येऊ नये. कोणत्याही एका बिघाडाने चाक घातक परिणाम घडवणाऱ्या स्थितीत जाऊ नये. आणि विमान ओढून नेताना स्टिअरिंगला इजा होऊ नये किंवा झाल्यास ती कळावी, अशा त्याच्या अटी आहेत. कलम १३०९ मधील संभाव्यतेचे निकषही लागू होतात. त्यानुसार सर्वनाशी बिघाडाची शक्यता उड्डाणाच्या तासामागे एक अब्जांशाच्या पातळीवर असावी लागते. ‘एका बिघाडाने’ हा शब्दप्रयोग बारकाईने वाचण्यासारखा आहे. एकाहून अधिक खुंट्या दिल्या म्हणजे तितके स्वतंत्र आधार झाले असे कागदावर दिसते, पण सगळ्यांवर तोच भार तितक्याच वेळा पडत असेल तर त्या एकाच वयाच्या असतात.

मुदत तीन प्रकारे दिली जाते : उड्डाणाचे तास, उड्डाणांची संख्या आणि दिनदर्शिकेचे महिने, बहुधा ‘यांपैकी जे आधी येईल ते’ या अटीसह. लँडिंग गिअरच्या बाबतीत उड्डाणांची संख्या हाच खरा मापदंड होय, कारण चाक झिजते ते उतरताना आणि वळताना. आकाशातील दहा तासांचा त्याच्यावर परिणाम नसतो. निर्देशात सांगितल्यापेक्षा वेगळ्या मार्गाने तेवढीच सुरक्षा मिळत असेल तर पर्यायी पूर्तता-पद्धतीला मंजुरी मागता येते.

भारतातील व्यवहार : नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, डीजीसीए, आराखडा-देशाचे निर्देश भारतीय नोंदणीच्या विमानांना बंधनकारक मानते, गरज पडल्यास स्वतःचेही आदेश काढते. वैधानिक आधार पूर्वी १९३४ च्या विमान कायद्याचा होता. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. भारतीय कंपन्यांच्या ताफ्यात ए३२० मालिकेचे प्रमाण मोठे असल्याने वर वर्णिलेले दोष इथे केवळ परदेशी बातमी ठरत नाहीत. मुंबईच्या विमानतळावर दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात; पुढचे चाक आडवे होऊन विमान छेदबिंदूवर अडकले तर एकाच वेळी दोन्ही बंद होतील, एवढे नोंदवणे पुरे.

जवळचा एक प्रसंग ७३७ मालिकेचा आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूअर्क येथे उतरलेल्या युनायटेडच्या विमानाचे रडर पेडल अडकले. पेडलवरचे नियंत्रण गेल्यावर वैमानिकाने टिलरने विमान धावपट्टीवर सरळ ठेवले. संशय कॉलिन्स एअरोस्पेसने बनवलेल्या रोलआउट गायडन्स ॲक्च्युएटरवर, म्हणजे उतरल्यावर धावपट्टीवर विमान सरळ ठेवण्यासाठी रडर हलवणाऱ्या भागावर, गेला. अमेरिकी मंडळाच्या शिफारशींनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये डीजीसीएने ७३७ चालवणाऱ्या भारतीय कंपन्यांना याबाबत सुरक्षा-सूचना दिल्या. दोन नियंत्रणे स्वतंत्र ठेवण्याचा उपयोग इथे दिसला.

ॲप्रनवरील बाजू : स्टिअरिंगची सर्वाधिक ओढाताण होते ती पुशबॅकच्या, म्हणजे ट्रॅक्टरने विमान मागे ढकलण्याच्या, वेळी. ट्रॅक्टर आणि विमान यांना जोडणारा दांडा, टो-बार, जोडण्यापूर्वी ग्राउंड इंजिनिअर नोज गिअरवरील खटक्यात लाल फीत लावलेली बायपास पिन घालतो. त्यामुळे स्टिअरिंगचा हायड्रॉलिक दाब तुटतो आणि कॉकपिटमध्ये स्टिअरिंग बंद असल्याची नोंद उमटते. पिन न घालता ओढले तर ट्रॅक्टर एका दिशेला आणि हायड्रॉलिक दुसऱ्या दिशेला जोर लावतात. टो-बारची शिअर पिन, म्हणजे जास्त भार आल्यास आधी तुटावी म्हणून दिलेली पिन, तुटली तर निभावते, नाही तुटली तर भार स्ट्रटच्या आत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मर्यादेपेक्षा जास्त वळण झाले की ते कळावे म्हणून स्ट्रटवर लाल खुणा असतात. त्या ओलांडल्या गेल्यास विमान तसेच सोडता येत नाही, तपासणी करून लॉगबुकात नोंद करावी लागते. काम संपल्यावर इंजिनिअर बाजूला उभा राहून पिन हात वर करून कॉकपिटला दाखवतो. खिडकीतून अंगठा दिसेपर्यंत तो जागचा हलत नाही, मे महिन्याच्या दुपारी किंवा जुलैच्या पावसातसुद्धा.