हाकेचं नाव आणि कागदावरचं नाव: कुत्र्यासाठी विज्ञानकथेतलं नाव निवडताना

विज्ञानकथांची आवड असलेल्या घरात पिल्लू यायच्या आधीच नावांची यादी तयार असते. घोळ होतो तो नंतर, कारण एकाच नावावर दोन कामं टाकली जातात. एक काम कुत्र्याच्या कानाचं: नाव ऐकलं की त्याने लगेच मान वळवायला हवी. दुसरं काम माणसांचं: वंशावळीचा दाखला, लसीकरणाचं पुस्तक, मायक्रोचिपची (कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपची) नोंद, महापालिकेचा परवाना. पहिलं ते हाकेचं नाव, दुसरं कागदावरचं. विज्ञानकथेतली पुष्कळ नावं कागदावर शोभून दिसतात आणि हाकेत अडखळतात. म्हणून दोन नावं ठेवायला काहीच हरकत नाही.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लायका. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुतनिक-२ मधून पृथ्वीच्या कक्षेत गेलेली ही मॉस्कोची भटकी कुत्री आधी कुद्र्यावका या नावाने ओळखली जायची. जगाच्या तोंडी बसलं ते लायका. विज्ञानकथेतल्या नावांच्या यादीत हे नाव हमखास घुसतं, पण लायका कल्पनेतली नव्हती. यान आतून तापलं आणि ती काही तासांतच गेली. नाव ठेवायचं तर हे माहीत असूनच ठेवावं.

आता हाकेच्या नावाकडे येऊ, कारण रोज पन्नास वेळा तेच लागतं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. पण आवाज ऐकू येणं निराळं आणि दोन शब्दांतला बारीक फरक पकडणं निराळं. २०२० मध्ये बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी घरगुती कुत्र्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा निरर्थक शब्द यांतला फरक त्या लहरींत दिसला. ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलला तेव्हा मात्र तसा फरक दिसला नाही. त्यामुळे नाव आणि आज्ञा यांच्यात एका अक्षराचाच फरक असेल, तर कुत्र्याकडून तो पकडला जाईल हे गृहीत धरू नये.

इथे ‘स्टार वॉर्स’मधला योडा अडकतो. नाव दोन अक्षरी, ठसठशीत, पण तोंडात धरलेली चप्पल सोडवायला आपण ‘सोड’ म्हणतो. स्वर तोच, ‘ड’ तोच. योडा ठेवायचाच असेल तर ‘सोड’ऐवजी ‘टाक’ शिकवा आणि घरातल्या सगळ्यांना तेच बोलायला लावा. ‘द मॅट्रिक्स’मधल्या निओची अडचण ‘नो’शी आहे. ‘स्टार ट्रेक’मधला डेटा कानाला उत्तम, पण कुत्र्याला लाडाने ‘बेटा’ म्हणणाऱ्या घरात तो चालणार नाही. ‘स्टार वॉर्स’मधल्याच च्युबाकाचं लाडाचं ‘च्युई’ तर ‘छू’च्या फारच जवळ जातं, आणि कुत्र्याला कुणाच्या अंगावर सोडण्याचा आपल्याकडचा शब्द तोच. गल्लीतल्या पोरांनी गंमत म्हणून केलेल्या ‘छू’वर तुमचं कुत्रं धावून आलं, तर दोष त्याचा नाही.

सोलापुरात ही तपासणी मराठीपुरती ठेवून भागत नाही. एका वाड्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी घरं असतात आणि कुत्र्याशी सगळेच बोलतात. पूर्व भागात पिल्लाला शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या मावशी ‘रा’ म्हणून बोलावतील आणि ‘पो’ म्हणून हाकलतील. कन्नड बोलणारे आजोबा ‘बा’ म्हणून बोलावतील, ‘होगु’ म्हणून घालवतील. म्हणजे ‘पो’ हे ‘स्टार वॉर्स’मधल्या वैमानिकाचं नाव ठेवलंत, की तेलुगू घरात तुम्ही त्याला जा म्हणताय. ग्रोगू (लोकांच्या तोंडचा ‘बेबी योडा’) म्हटलं की ‘होगु’ची आठवण होणार. च्युबाकाचं मागचं टोक धरून ‘बाका’ करावं तर सुरुवातीलाच कन्नड ‘बा’ येतो, त्यामुळे ते नाव कागदावरच राहू द्यावं. ‘स्टार वॉर्स’च्या नायिकेचं ‘रे’ हे सगळ्यांत वाईट. प्रत्येक ‘अरे’ला, प्रत्येक ‘काय रे’ला पिल्लू मान वर करतं, त्यातून काही मिळत नाही, आणि हळूहळू ते नावाकडे दुर्लक्ष करायला शिकतं.

मग चालतात कुठली? दोन अक्षरी, सुरुवातीला किंवा मध्ये ‘क’, ‘ट’, ‘ड’, ‘प’ असा स्पष्ट तुटणारा ध्वनी आणि शेवटी लांबवता येईल असा स्वर. ‘स्टार वॉर्स’मधल्या आर-टू-डी-टू या यंत्रमानवाचं ‘आर्टू’ या मापात नेमकं बसतं. ‘एलियन’ची नायिका रिप्ली, तेही चांगलं; सुरुवातीचं जोडाक्षर सोडलं तर क्रिप्टोही चांगलं. शेवटचं नाव सुपरमॅनच्या कुत्र्याचं, १९५५ पासूनचं. सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शोंकूंचा यंत्रमानव विधुशेखर हा आमच्या मते फार सुंदर पर्याय आहे: कागदावर विधुशेखर, हाकेला विधू. ‘स्टार ट्रेक’मधले स्पॉक, किर्क आणि ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’मधला ग्रूट ही नावं चालतात, पण ती एका झटक्यात संपतात आणि लांबून ओढून म्हणता येत नाहीत. शिवाय जोडाक्षराने सुरू होणाऱ्या नावाला बोलीत पुढे ‘इ’ लागतो किंवा मध्ये स्वर घुसतो. कुणी इस्पॉक म्हणणार, कुणी गुरूट. त्यातलं कुत्र्याने ऐकायचं कुठलं?

नाव पक्कं करण्याआधी तीन नावं कागदावर लिहा. घरातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान माणसाला कागद न दाखवता ती फक्त एकदा ऐकवून म्हणायला सांगा. दोघांच्या तोंडून जे सारखं येईल ते ठेवा. मग तेच गच्चीवरून खाली, रिक्षांच्या आवाजात, एकदा मोठ्याने म्हणून बघा.

कागदावरच्या नावाला या अटी नाहीत. तिथे लांबी चालते, जोडाक्षरं चालतात, पात्राचं अख्खं नाव घालता येतं. तिथली अट एकच, सगळीकडे अगदी सारखी अक्षरं. केनेल क्लबच्या (वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीचं पिल्लू घेणार असाल तर नोंदीचा अर्ज ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, भरतो आणि नावाला त्याच्या केनेलचं नावही जोडलेलं असू शकतं. त्यामुळे तुमच्या मनातलं नाव अर्ज जाण्याआधी इंग्रजी स्पेलिंगसह त्याला लिहून द्या. नुसतं फोनवर सांगितलं की आर्टूचा आरतू होतो. मायक्रोचिपमध्ये नाव नसतं, असतो तो १५ अंकी क्रमांक. नाव, पत्ता, फोन हे त्या क्रमांकाच्या नोंदीत असतं, म्हणून लसीकरणाच्या पुस्तकावर हा क्रमांक लिहून घ्यावा. एकीकडे ‘विधुशेखर’ आणि दुसरीकडे ‘विधू’ असेल तर परवान्याच्या वेळी किंवा कुत्रं हरवल्यावर दोन्ही कागद एकाच कुत्र्याचे हे पटवत बसावं लागतं. पहिल्या लसीच्याच दिवशी डॉक्टरांकडून ‘विधुशेखर ऊर्फ विधू’ असं लिहून घेतलं की प्रश्न मिटतो. कारवानी जातीच्या किंवा गावठी पिल्लाला वंशावळीचा कागद नसला तरी रेबीजच्या लसीची नोंद असतेच, तिथेही हेच करा.

हाकेचं नाव शिकवायला शांत खोली आणि हरभऱ्याएवढे खाऊचे तुकडे पुरतात. उकडलेलं चिकन किंवा कडक भाकरीचा चुरा चालेल. शेंगाचटणीचा हात मात्र त्याला लागू देऊ नका, लसूण कुत्र्याला बाधतो. नाव एकदाच म्हणायचं. पिल्लाने मान वळवली की त्याच क्षणी तुकडा. असं दहा-बारा वेळा, दोन-तीन मिनिटांत संपवायचं, दिवसातून तीनदा. खोलीत जमलं की अंगणात, मग रस्त्यावर. उन्हाळ्यात हे सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर फरशी गार झाली की करा, तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात. नाव सलग पाच-सहा वेळा म्हणणं आणि रागावताना नाव घेणं, या दोन गोष्टींनी शिकवलेलं वाया जातं. रागवायचं तर नुसतं ‘नको’ म्हणा.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं दारूकाम किंवा दिवाळी जवळ आली की दोन आठवडे आधी हा सराव पुन्हा सुरू करा. घाबरून सुटलेलं कुत्रं परत मिळवायला कागदावरचं नाव कामी येतं, पण त्याआधी गेटपाशी थांबवायचं काम हाकेच्या नावाचंच. आवाजाच्या रात्री तरीही पट्टा हातातच हवा, आणि गळपट्ट्याच्या बिल्ल्यावर हाकेचं नाव व फोन नंबर.

मोठं कुत्रं दत्तक घेतलं असेल आणि त्याचं जुनं नाव बदलायचं असेल, तर आधी नवं नाव म्हणा, क्षणभर थांबा, मग जुनं, आणि वळला की तुकडा. नव्या नावालाच तो वळू लागला की जुनं गाळा. क्रम उलटा केला, जुनं आधी आणि नवं मागून, तर त्याला नव्याची गरजच पडत नाही. कागदावर मात्र जुनं नाव खोडू नका, ‘ऊर्फ’ लावून पुढे नवं लिहा.