शॉक खुर्चीत बसताना नाही, उठल्यावर का बसतो?

जानेवारीतल्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावला, की बोटाला सणकन चटका बसतो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचं निदान झालं : शरीरातली 'नकारात्मक ऊर्जा' बाहेर पडते. उपाय अर्थातच तांब्याचं कडं. गंमत म्हणजे अंगावरचा प्रभार (विद्युतभार) धन की ऋण, हे कपडे आणि खुर्ची कशाची यावर ठरतं. उठलेला माणूस कित्येकदा धन प्रभारितच असतो!

शाळेत याला आपण 'घर्षणविद्युत' म्हणून शिकलो. नाव जरा फसवं आहे. दोन वेगळे पदार्थ नुसते टेकून दूर झाले तरी प्रभार इकडून तिकडे जातो. वरून गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही प्रत्यक्षात खडबडीत, मोजक्या उंचवट्यांवरच टेकणारे. घासल्याने नवनवे उंचवटे एकमेकांना भिडतात, इतकंच.

धातूंमध्ये इलेक्ट्रॉन जातात, हे नक्की. प्लॅस्टिक, लोकर यांच्यात मात्र इलेक्ट्रॉन जातात, आयन (प्रभारित अणू-रेणू) जातात की पदार्थाचे सूक्ष्म कणच चिकटून जातात, यावर अजून वाद आहे. 2011 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांना तर टेकवून काढलेल्या पॉलिमरच्या (प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या) एकाच पृष्ठभागावर धन आणि ऋण ठिपके शेजारीशेजारी दिसले, गोधडीच्या तुकड्यांसारखे.

आता माझा आवडता भाग. बसलेलं असताना तुमच्यावरचा आणि खुर्चीवरचा विरुद्ध प्रभार अगदी जवळ असतो. अंतर कमी, म्हणून धारकता (दर व्होल्टमागे किती प्रभार मावतो ते माप) जास्त आणि व्होल्टेज किरकोळ. उठलात की प्रभार तेवढाच राहतो, धारकता घसरते. व्होल्टेज म्हणजे प्रभार भागिले धारकता, त्यामुळे ते हजारोंत चढतं. शरीराची धारकता 100 पिकोफॅरड आणि व्होल्टेज 5,000 धरलं, तर प्रभार अर्धा मायक्रोकूलोम, म्हणजे सुमारे 3 लाख कोटी इलेक्ट्रॉनांची तूट किंवा भर. ऊर्जा मात्र सव्वा मिलिजूल! तीही विश्वातून आलेली नाही. विरुद्ध प्रभारांची ओढ तोडून उठताना तुमच्याच मांड्यांनी ते काम केलेलं असतं.

पावसाळ्यात हा प्रकार सहसा होत नाही, कारण वस्तूंवर बसलेल्या ओलाव्यातून प्रभार झिरपून जातो. कड्याचं म्हणाल, तर तेही तुमच्याबरोबर 5,000 व्होल्टला चढतं आणि मनगटावर नुसतं बसून राहतं. त्यापेक्षा किल्ली घट्ट धरून तिचं टोक आधी कपाटाला लावा. ठिणगी तिथे पडते, बोटाला टोचत नाही.