'मी आहे' हे कशावरून? एका जुन्या युक्तिवादाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १६४०. नेदरलँड्समधल्या लायडन गावच्या ग्रंथालयात फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त संत ऑगस्टीनचं एक पुस्तक उघडून बसला होता. कोल्व्हियस नावाच्या परिचित धर्मोपदेशकाने त्याला कळवलं होतं, की 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' या तुमच्या वाक्यासारखंच काहीतरी ऑगस्टीनने लिहून ठेवलंय. देकार्तने वाचून उत्तर धाडलं: आभारी आहे, पण संशय घेतोय त्या अर्थी मी आहे, ही गोष्ट इतकी साधी की कुणाच्याही लेखणीतून उतरली असती. मी तिला वेगळ्या कामाला लावलंय.

ही सारवासारव वाटेल. मला मात्र ती बरीचशी पटते.

ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप. ४१० साली रोम लुटलं गेलं, त्यानंतर काही वर्षांनी हाती घेतलेल्या प्रचंड ग्रंथात त्याने संशयवाद्यांना, म्हणजे कशाचीच खात्री देता येत नाही म्हणणाऱ्यांना, जाता जाता चिमटा काढलाय. ते विचारत, तुझी चूक होत असेल तर? त्याचं उत्तर: चुकत असेन, तर मी आहे. जो नाहीच, तो चुकणार कसा? एवढं बोलून तो आपल्या धर्मचिंतनाकडे वळतो. देकार्तने तिथेच पाया खणला. डोळे, कान, गणित, सगळ्यावर संशय घेतला. आपल्याला फसवायलाच बसलेला कुणी महाकपटी आहे असंही धरून पाहिलं. तरी फसवला जाणारा उरतोच. गंमत म्हणजे १६४१ च्या ज्या ग्रंथात हे सगळं नाट्य रंगलंय, तिथे या निष्कर्षापाशी ते प्रसिद्ध 'म्हणून' नाही. 'मी आहे' हे जेव्हा जेव्हा म्हणेन तेव्हा ते खरंच, एवढंच आहे. 'म्हणून' १६३७ च्या फ्रेंच पुस्तकात आहे आणि १६४४ च्या लॅटिन पुस्तकात.

गासांदी या समकालीन फ्रेंच तत्त्वज्ञाने देकार्तला टोकलं: मग 'मी चालतो, म्हणून आहे' का नाही? देकार्त म्हणाला, चालणं स्वप्नातलं असू शकतं; चालतोय असं वाटणं मात्र खोटं ठरत नाही.

देकार्तच्या सहाशे वर्षं आधी इब्न सीना या मुस्लिम तत्त्वज्ञ-वैद्याने तर शरीरच बाजूला काढलं होतं. कल्पना करा, तो सांगतो, एक माणूस एकदम पुरा घडलेला, पोकळीत तरंगतोय. डोळे झाकलेले, हातपाय फाकलेले, एकमेकांना न लागणारे. त्याला स्वतःच्या हाताचाही पत्ता नाही. तरी 'मी आहे' हे तो जाणेल.

शंकराचार्यांनी ही गोष्ट सिद्ध करायला घेतलीच नाही. ब्रह्मसूत्रभाष्याच्या सुरुवातीलाच ते म्हणतात, 'सर्वो ह्यात्मास्तित्वं प्रत्येति, न नाहमस्मीति'. आपण नाही असं कुणालाच वाटत नाही. पुढे आणखी नेमकं: आत्मा नाकारणारा जो, तेच आत्म्याचं स्वरूप. नदी उतरून आलेल्या दहाजणांची गोष्टही वेदान्त्यांच्या आवडीची. प्रत्येकजण मोजतो, नऊच भरतात, एक बुडाला म्हणून रडारड होते. वाटसरू येऊन सांगतो, दहावा तूच. ऐकताना हसू येतं, पण मोजणारा मोजणीत सुटतो ही अडचण खरी आहे. बौद्धांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं: जाणिवा येतात-जातात हे कबूल, त्यांचा मालक कुठे दिसला?

युरोपात हाच आक्षेप अठराव्या शतकात ग्योटिंगेनच्या लिश्टेनबेर्ग या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या वहीत टिपला. जर्मनमध्ये वीज चमकली की कर्त्याच्या जागी नुसतं एक 'ते' घालतात. तसंच विचारांचंही म्हणावं, त्यात 'मी' घालणं आगाऊपणाचं.

मराठी माणसाला यात फार अवघड काही नाही. 'उजाडलं', 'फटफटलं' म्हणताना कोण उजाडलं हे आपण विचारत नाही. 'मला वाटतं', 'मला आठवतं' यातही मी काही करत नाही, माझ्याकडे ते होतं. शिवाय लॅटिन 'सुम' (मी आहे) या एका शब्दातच 'मी' बसलेला असतो. मराठीत मीही 'आहे' आणि दारामागची छत्रीही 'आहे'. 'मी' वेगळा उच्चारावा लागतो.