औपचारिक इंग्रजी पत्र व टपालाचे संकेत

औपचारिक इंग्रजी पत्र : कार्यालय, बँक, विद्यापीठ, संपादक किंवा अपरिचित व्यक्ती यांना कामासाठी इंग्रजीत लिहिलेले पत्र. त्याची मांडणी, मायना, शेवट, सही आणि पाकिटावरचा पत्ता यांचे संकेत ब्रिटिश अमदानीतील कार्यालयीन व्यवहारातून भारतात रुजले आणि सरकारी कामकाजात अजूनही बऱ्याच अंशी टिकून आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला हे पत्र प्रश्नपत्रिकेतल्या एका प्रश्नाच्या रूपात भेटते. सांगाडा पाठ होतो, पण तो तसा का आहे हे क्वचितच सांगितले जाते. पत्र उघडणारा कारकून लिहिणाऱ्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे टपालाचा गठ्ठा असतो आणि हे पत्र कोणत्या टेबलावर, कोणत्या फाइलीत जायचे ते त्याला पटकन ठरवायचे असते. पत्राचा प्रत्येक भाग त्याच्या सोयीसाठी आहे. म्हणूनच या पत्रातला आदर गोड शब्दांपेक्षा नाव, तारीख, संदर्भ आणि मागणी बिनचूक असण्यात दिसतो.

मांडणी

आज सर्वाधिक चालणारी मांडणी ‘फुल ब्लॉक’ नावाने ओळखली जाते. तिच्यात सर्व ओळी डाव्या समासाला लागून सुरू होतात, परिच्छेदाच्या सुरुवातीला जागा सोडत नाहीत आणि दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ रिकामी ठेवतात. जुन्या पद्धतीत पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि सही उजवीकडे येत. तीही चुकीची नाही, मात्र एकाच पत्रात दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये. ए-4 कागद, चारही बाजूंना साधारण 2.5 सेंटिमीटर समास आणि शक्यतो एकच पान, एवढे पुरते. दुसरे पान लागलेच तर त्याच्या माथ्यावर ज्याला पत्र लिहिले त्याचे नाव, पानाचा क्रमांक आणि तारीख घालतात, म्हणजे टाचणी निघाली तरी पान हरवत नाही.

वरून खाली क्रम असा : पाठवणाऱ्याचा पत्ता (त्यात स्वतःचे नाव नसते, ते सहीखाली येते), तारीख, असल्यास संदर्भ क्रमांक, मग ज्याला पत्र लिहायचे त्याचे नाव, हुद्दा, कार्यालय व पत्ता. भारतात विषयाची ओळ बहुधा मायन्याच्या आधी लिहितात, ब्रिटनमध्ये ती मायन्याच्या खाली येते. दोन्ही जागा चालतात, पण विषय मोघम नसावा. ‘रिगार्डिंग माय ॲप्लिकेशन’ या ओळीवरून कारकुनाला काहीच कळत नाही. ‘रिक्वेस्ट फॉर डुप्लिकेट मार्कशीट, सीट नंबर अमुक, मार्च 2019’ असे लिहिले की फाइल सापडते.

तारखेत महिना अक्षरांत लिहिणे सर्वांत सुरक्षित. 03/04/2025 ही तारीख मुंबईत आणि लंडनमध्ये 3 एप्रिल वाचली जाते, न्यूयॉर्कमध्ये 4 मार्च. परदेशी विद्यापीठाच्या किंवा दूतावासाच्या पत्रव्यवहारात या एका चुकीने मुदत टळू शकते. ब्रिटिश पद्धतीत आधी दिवस, मग महिना, मग वर्ष येते. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो आणि दिवसानंतर स्वल्पविराम देतात.

मायना आणि शेवट

मायना आणि शेवट यांची जोडी ठरलेली असते. नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर’, ‘डिअर मॅडम’ किंवा ‘डिअर सर ऑर मॅडम’, आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’. नाव माहीत असेल तर ‘डिअर मिस्टर’ किंवा ‘डिअर मिझ’ आणि पुढे आडनाव, शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. ‘डिअर सर’ने सुरू झालेले पत्र ‘सिन्सिअरली’वर संपले तर ब्रिटिश वळणाच्या वाचकाला ते लगेच खटकते. अमेरिकेत हा भेद पाळत नाहीत. तिथे बहुतेक पत्रे ‘सिन्सिअरली’वर संपतात आणि मायन्यानंतर स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम येतो. ‘रिस्पेक्टेड सर’ हा खास भारतीय मायना आहे. भारतातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तो चालतो, परदेशी वाचकाला विचित्र वाटतो. ‘युअर्स’ या शब्दात अपॉस्ट्रफी कधीच येत नाही. तरी ती जिथे तिथे दिसते. ‘युअर्स फेथफुली’ किंवा ‘युअर्स सिन्सिअरली’ लिहिताना फक्त पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल असते.

नावाच्या बाबतीत मराठी माणसाची एक वेगळीच अडचण होते. मराठी नावाचा क्रम स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असा असतो. पण महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. गुणपत्रिकेतला क्रम पत्रात तसाच उतरवला की परदेशातून उत्तर येते ते वडिलांच्या नावापुढे ‘मिस्टर’ लावून. त्यामुळे सहीखाली नाव पासपोर्टवर आहे त्या क्रमाने टाइप करावे आणि गुणपत्रिकेवरचे नाव वेगळे असेल तर मजकुरातच एका वाक्यात तसे सांगावे. उलट बाजूने, ‘डिअर मिस्टर सुरेश’ अशी नुसत्या पहिल्या नावाला ‘मिस्टर’ जोडण्याची सवय टाळावी. स्वतःच्या नावापुढे श्री., सौ. लावत नाहीत. उत्तर देणाऱ्याला संबोधन कळावे म्हणून स्त्रिया टाइप केलेल्या नावानंतर कंसात ‘मिझ’ किंवा ‘मिसेस’ लिहू शकतात. सही हाताने, निळ्या किंवा काळ्या शाईत, शेवटाची ओळ आणि टाइप केलेले नाव यांच्यामधल्या तीन-चार रिकाम्या ओळींत करतात.

मजकूर

मराठी पत्राची जुनी घडण सा. न. वि. वि. पासून सुरू होते, क्षेमकुशल विचारते आणि मग हलकेच विषयावर येते. घरच्या पत्रात ती शोभते, पण औपचारिक इंग्रजी पत्रात पहिल्याच वाक्यात काम सांगायचे असते. ‘आय बेग टू स्टेट दॅट’, ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन’ या सुरुवाती एकोणिसाव्या शतकातल्या अर्जांच्या आहेत. त्या काळी शेवटही ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असा होत असे. आज त्या वाचणाऱ्याचा वेळ घेतात आणि मागणी दुबळी करतात.

उदाहरणादाखल हरवलेल्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत मागायची आहे. पहिले वाक्य : ‘आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट अ डुप्लिकेट कॉपी ऑफ माय पासिंग सर्टिफिकेट.’ दुसऱ्या परिच्छेदात परीक्षा, महिना व वर्ष, आसन क्रमांक, केंद्र आणि प्रमाणपत्र कसे गेले ते दोन वाक्यांत. तिसऱ्यात सोबत काय जोडले आहे, शुल्क कसे भरले आहे, प्रत कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या तारखेपर्यंत हवी आहे. एका पत्रात एकच मागणी ठेवावी. प्रमाणपत्राची प्रत आणि नावातली दुरुस्ती एकाच पत्रात मागितली की पत्र एका टेबलावर अडकते, कारण ही दोन कामे दोन विभागांची असतात.

आपल्याकडच्या इंग्रजीत काही ठरावीक चुका होतात. ‘काइंडली डू द नीडफुल’मध्ये नेमके काय करायचे तेच सांगितलेले नसते. ‘रिव्हर्ट बॅक’ऐवजी ‘रिप्लाय’ लिहावे. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू’ यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येत नाही, ‘हिअरिंग’ असे रूप येते. ‘थँकिंग यू’ हे पूर्ण वाक्य नाही. पूर्वी त्याला पुढच्या ‘आय रिमेन’चा आधार होता, तो गळून पडला. ‘थँक यू फॉर युअर हेल्प’ असे पूर्ण वाक्य लिहून पूर्णविराम द्यावा. वडिलोपार्जित जमिनीची किंवा जुन्या कंपनीची कागदपत्रे वाचणाऱ्यांना ‘इन्स्टंट’, ‘अल्टिमो’ आणि ‘प्रॉक्सिमो’ हे शब्दही भेटतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे चालू, मागचा आणि पुढचा महिना. नव्या पत्रात मात्र ते वापरू नयेत.

सहीखाली जोडपत्रांची यादी क्रमांक घालून देतात. नुसते ‘एन्क्लोजर्स : 3’ लिहिण्यापेक्षा प्रत्येकाचे नाव लिहावे, एखादा कागद गळला तर तो पाकिटातच नव्हता की कार्यालयात सुटला, हे त्यावरून ठरते. मूळ कागद मागितल्याशिवाय पाठवत नाहीत. ‘सी. सी.’ ही अक्षरे कार्बन कागदाच्या काळातली असली तरी प्रत कोणाला दिली हे सांगण्यासाठी अजून चालतात.

सरकारी पत्राचे प्रकार

केंद्र सरकारच्या पद्धतीत साधे पत्र ‘सर’ किंवा ‘मॅडम’ने सुरू होते आणि ‘युअर्स फेथफुली’वर संपते. अर्धशासकीय पत्र अधिकाऱ्याला नावानिशी लिहितात आणि ‘युअर्स सिन्सिअरली’वर संपवतात. एखाद्या प्रकरणाकडे अधिकाऱ्याचे वैयक्तिक लक्ष वेधायचे असेल तेव्हा ते वापरतात. ऑफिस मेमोरँडम तृतीय पुरुषी असते, त्यात मायनाही नसतो आणि शेवटही नसतो. नोकरीत असलेल्या व्यक्तीने दुसरीकडे अर्ज करताना आपल्या कार्यालयामार्फत पाठवला तर वर ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ लिहितात. अर्जाची आगाऊ प्रत थेट पाठवली असेल तर तिच्यावर तसा स्पष्ट उल्लेख हवा, नाहीतर एकाच अर्जाच्या दोन नोंदी होतात.

पाकीट आणि पत्ता

ए-4 कागदाची तळाची एक तृतीयांश बाजू वर आणि मग माथ्याची खाली अशी घडी घातली की तो 110 × 220 मिलिमीटरच्या लांबट पाकिटात नीट बसतो. प्रमाणपत्रे घडी न घालता पाठवायची तर 229 × 324 मिलिमीटरचे पाकीट आणि आत पुठ्ठा. तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात, पत्ता मधोमध किंवा थोडा उजवीकडे आणि पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या खालच्या बाजूस किंवा मागे. अमेरिकेत पाठवणाऱ्याचा पत्ता डावीकडे वर लिहितात. पत्ता बॉलपेनने लिहावा. जेलपेनची शाई कोकणातल्या पावसात ओघळते आणि पत्र न वाचता येण्याजोगे होते. पाकीट स्टेपलरने बंद करू नये, पिना छाननी यंत्रात अडकतात आणि हातालाही लागतात.

ग्रामीण महाराष्ट्राचा पत्ता मु. पो., ता., जि. या चौकटीत बसतो. इंग्रजीत लिहिताना तिचे ‘ॲट पोस्ट’ होते. गाव आणि टपाल कार्यालय एकाच नावाचे असेल तरच हे बरोबर. गावात टपाल कार्यालय नसेल तर गाव आणि पोस्ट स्वतंत्र ओळींवर लिहावे. परदेशातून पत्र येणार असेल तर ही संक्षिप्त रूपे टाळून व्हिलेज, पोस्ट ऑफिस, तालुका, डिस्ट्रिक्ट असे पूर्ण शब्द द्यावेत. गोव्यात घर क्रमांकाबरोबर वाड्याचे नाव लागते, ते नसेल तर एकाच गावात पोस्टमनला शोधाशोध करावी लागते.

पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. तो तयार करणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे विद्वान आणि कवी होते. वडगाव, पिंपळगाव अशी एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते, या दोन्हींवरचा हा उपाय. सहापैकी पहिला अंक विभाग दाखवतो, पहिले दोन उपविभाग, पहिले तीन छाननी जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. महाराष्ट्राचे पिनकोड 40 ते 44 या अंकांनी सुरू होतात, गोव्याचे 403 ने, तर 9 हा अंक सैन्याच्या टपालासाठी राखलेला आहे. जुन्या पत्रांवरचा ‘मुंबई 28’ हा दादरचा क्रमांक 400028 च्या शेवटी आजही दिसतो.

परदेशी पाकिटावर देशाचे नाव शेवटच्या ओळीत, कॅपिटल अक्षरांत लिहितात. ब्रिटिश पत्त्यात पोस्ट टाउन कॅपिटलमध्ये आणि त्याखाली स्वतंत्र ओळीवर पोस्टकोड. अमेरिकी पत्त्यात शहर, राज्याची दोन अक्षरे आणि 1963 पासून वापरात असलेला झिप कोड एकाच ओळीत.

टपालात टाकताना

1840 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 1854 मध्ये भारतात समान दराची तिकिटे आली आणि टपालखर्च आधीच भरण्याची पद्धत रुळली. त्याआधी तो बहुधा पत्र घेणाऱ्यावर पडे. आजही तिकीट कमी पडले तर पत्र नॉटपेड होते आणि कमी रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागितले जातात. नोकरीचा अर्ज असा पोहोचला तर कार्यालय तो बहुधा परत करते. साध्या पत्राचा वजनाचा टप्पा 20 ग्रॅमचा आहे. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) एक ए-4 कागद जवळपास 5 ग्रॅम भरतो, म्हणजे तीन कागद आणि पाकीट मिळून टप्पा गाठला जातो. चौथा कागद घातला की पाकीट काउंटरवर तोलून घ्यावे.

पत्र पाठवल्याचा पुरावा हवा असेल तर साधे टपाल उपयोगाचे नाही. पूर्वी चालणारा ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ हा स्वस्त मार्ग 2011 मध्ये बंद झाला. 1 ऑक्टोबर 2025 पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले असून नोंदणी ही त्यावरची जादा सेवा आहे. ती घेतली तर पत्र पत्त्यावरच्या कोणालाही न देता ज्याच्या नावे आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाला दिले जाते. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 27 नुसार, कायद्याने टपालाने बजावायचे पत्र योग्य पत्ता लिहून, पूर्ण टपालखर्च भरून नोंदणीकृत टपालाने पाठवले की, उलट सिद्ध होईपर्यंत ते पोहोचले असे मानले जाते. घरमालकाला किंवा बिल्डरला नोटीस पाठवणाऱ्याने हे कलम लक्षात ठेवावे. अपुरा पत्ता लिहिला तर या गृहीतकाचा आधारच जातो.

पावतीवरचा पिनकोड काउंटर सोडण्याआधी पाहून घ्यावा. एक अंक चुकला तर पत्र दुसऱ्याच जिल्ह्यात जाते. पावती पत्राच्या सही केलेल्या प्रतीला टाचून ठेवावी आणि पोच पावती परत आली की तीही त्याच गठ्ठ्यात. उत्तर आले नाही तर स्मरणपत्रात पहिल्या पत्राची तारीख, विषय आणि टपाल पावतीचा क्रमांक पहिल्याच वाक्यात द्यावा, मूळ पत्राची प्रत जोडावी आणि मागणी पुन्हा पूर्ण लिहावी. दुसरे पत्र उघडणारा कारकून पहिल्यापेक्षा वेगळा असू शकतो.