ड्रॅगन फ्रूटचा लाल रंग इंजेक्शनचा नव्हे

‘आतून लालभडक निघणाऱ्या ड्रॅगन फ्रूटला रंगाचे इंजेक्शन दिलेले असते’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. आधी पांढऱ्या गराचे फळ पाहिलेल्याला तशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या निवडुंगवर्गीय वेलाच्या पांढऱ्या व लाल गराच्या जातीच वेगळ्या असून लाल गरात बीटातल्यासारखीच नैसर्गिक रंगद्रव्ये असतात. सांगली जिल्ह्यात जतसारख्या कमी पावसाच्या भागातही हे पीक घेतले जाते. तिथल्या एखाद्या बागेत वेलावरून तोडलेले फळ समोरच चिरून पाहावे. सुईने भरलेला रंग टोचल्या जागी गडद आणि दूर फिका दिसला असता. इथे मात्र सालीपासून गाभ्यापर्यंत, अगदी काळ्या बियांभोवतीही, रंग एकसारखा असतो. हे फळ खाल्ल्यानंतर काही काळ लघवी गुलाबी होणेही बीटाप्रमाणेच निरुपद्रवी आहे.