हॉटेल मॅनेजमेंटचा अर्ज: ‘व्हीजे-एनटी’चा दाखला असूनही सीट का जाते?

दिग्रस-पुसदकडची पोरं परीक्षेत चांगला नंबर लावतात आणि कागदापायी घरी बसतात. दरवर्षी बघतो, म्हणून लिहितोय.

पात्रता सोपी आहे. इंग्रजी घेऊन बारावी, शाखा कोणतीही. निकाल लागायचा असला तरी अर्ज चालतो. केंद्राच्या आयएचएमसाठी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी संस्थांसाठी (दादरची त्यातलीच), एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते ती एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा, पदवी तीन वर्षांची. राज्यातल्या बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीसाठी सीईटी सेलची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची, वेगळी परीक्षा, पदवी चार वर्षांची. मोठ्या हॉटेलांत मॅनेजमेंट ट्रेनी व्हायचं तर या पदव्या कामी येतात.

आता अडतं कुठं ते बघा. केंद्राच्या अर्जात ‘व्हीजे-एनटी’ (विमुक्त जाती-भटक्या जमाती) असा रकानाच नसतो. मग तांड्यावरचं पोरगं गोंधळून ‘ओपन’ भरतं. बाबांनो, बंजारा, धनगर या जाती केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत. तिथं ‘ओबीसी-एनसीएल’च भरा (एनसीएल म्हणजे नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्न मर्यादेच्या आत असलेले). पण त्याला राज्याचा मराठीतला नॉन-क्रिमिलेअर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. दाखले मिळतात त्या सेतू केंद्रात ‘नॉन-क्रिमिलेअर द्या’ एवढंच म्हटलं की हातात राज्याचाच पडतो. ‘सेंट्रलचा’ असं स्पष्ट सांगा आणि खिडकीवरून हलण्याआधी वाचा: ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या आदेशाचा उल्लेख दिसला पाहिजे. मर्यादा आई-वडिलांच्या वार्षिक उत्पन्नाची, आठ लाखांची, त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. हे खिडकीवरच्या बाबूलाही कधीकधी आपणच सांगावं लागतं, आणि त्याचा राग येतो.

राज्याच्या सीईटीतून राखीव जागा हवी तर जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, लागते. खरा जीव तिथं जातो. व्हीजे-एनटीला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, तर त्यांचा दाखला आणायचा कुठून? अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात (जुन्या कागदांची खोली) कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. मागच्या साली एका पोरीच्या पणजोबाची जन्मनोंद तशीच सापडली. कागद पिवळा, कडा झडलेल्या, पण जातीचा रकाना स्वच्छ वाचता येत होता. तिला नक्कल मिळायला दीड महिना गेला, आणि त्यानंतर समितीचा वेळ वेगळाच. सायन्सच्या पोरांना कॉलेजात कुणीतरी आठवण करून देतं, आर्ट्सवाल्यांना बहुतेक कुणी सांगत नाही. तेव्हा बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, नकलेचा अर्ज अकरावीतच टाका.

नाव मात्र दहावीच्या सनदेवर जसं आहे तसंच भरा, आधारवर वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या.