डिजिटल चित्र कॉम्प्युटरच काढतो का?

कुंचला ठेवून टॅब्लेटकडे वळलेला चित्रकार नुसती बटणं दाबतो, चित्र कॉम्प्युटरच काढतो, असा समज बरीच वर्षं फिरतो आहे. रंग वाळायची वाट नाही, चूक क्षणात पुसता येते; तसं वाटणं साहजिकच. पण स्टायलस (टॅब्लेटवर चित्र काढायचं पेन) टिपतो तो हाताचा दाब आणि कल. अनेक पेनांत दाबाच्या ८१९२ पातळ्या असतात. हात कच्चा असेल तर रेघ पडद्यावरही डळमळते (सॉफ्टवेअर थोडी सावरून घेतं, एवढंच). प्रमाण, छायाप्रकाश, रंगसंगती चित्रकारालाच ठरवावी लागते. खात्री करायचीय? लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) असलेली मूळ फाइल किंवा टाइमलॅप्स (चित्र काढतानाचा वेगाने पळवलेला व्हिडिओ) दाखवायला सांगा: आधी कच्चं रेखाटन, मग तीनदा खोडलेला पंजा, मग रंग. एआयला मजकूर देऊन केलेलं चित्र वेगळं. तिथे हे टप्पे सहसा नसतात.